स्टिकरखालची काळी चार

आमच्या दोन्ही घरांत, म्हणजे पेणच्या माझ्या घरात आणि रोह्याच्या सासुरवाडीत, गाण्याचा खरा कान असलेला माणूस मी एकटाच आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे काही झालं त्यात चूक कुणाची, याबद्दल वाचणाऱ्याचा गोंधळ उडायला नको.

माझं पेणला रंगांचं दुकान आहे. भिंतीच्या रंगांचं नव्हे, गणपतीच्या! पेण-हमरापूरचे कितीतरी कारखानदार (आमच्याकडे नुसतं 'कारखाना' म्हटलं की तो गणपतीचाच) माझ्याकडून रंग नेतात. "शेठ, अंगाचा रंग जरा जास्तच गुलाबी झाला," म्हणत कुणी डबा घेऊन आला, की मी त्यात दोन थेंब पिवळा टाकतो, काडीने ढवळतो आणि माणूस खूश होऊन परत जातो. जे रंगाचं तेच आवाजाचं, असं माझं ठाम मत होतं. थोडं इकडे, थोडं तिकडे केलं की जगातली कुठलीही गोष्ट जमून येते. हे वाक्य मी माझ्या बायकोला, सुजाताला, त्या काळात बऱ्याचदा ऐकवलं. हल्ली ती मला ऐकवते.

सुजाताचे वडील म्हणजे रोह्याचे दामूबुवा. भजनी मंडळाचे बुवा. गेली पन्नास वर्षं पुढ्यात पेटी घेऊन स्वतःच वाजवणार आणि स्वतःच गाणार. आता पेटीच्या पट्ट्यांना नंबर असतात, पांढरी एक, काळी एक, असे. गाणारा त्यातली एक पट्टी आपली म्हणून धरतो आणि जन्मभर तिच्याशी इमान राखतो. पट्टी जितकी वरची तितका गळा जास्त ताणायचा. साधी माणसं काळी एक-दोनमध्ये सुखाने संसार करतात. आमचे सासरे काळी चार! लग्न ठरवायला मी वडिलांबरोबर गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःची ओळखच अशी करून दिली होती, "मी दामोदर. ऱ्हाणार रोहा. पट्टी काळी चार."

मग मला विचारलं, "तुमी गाता काय?"

मी म्हटलं, "गातो की!"

तेव्हापासून मी मंडळात आहे. आता याला अठरा वर्षं झाली. मागे टाळ वाजवणारे सहाजण बसतात, त्या सहाजणांत मिळून एक माईक. मला एकट्याला मात्र स्वतंत्र माईक! त्याला झेंडूची माळ, खाली बसायला वेगळं आसन. मी दरवेळी म्हणायचो, "अहो, कशाला एवढं?" आणि सासूबाई दरवेळी म्हणायच्या, "असू द्या वो. जावयाचा मान हाय." मग मीही मान ठेवून जीव तोडून गायचो.

तर गेल्या पावसाळ्यात बुवांचा डावा खांदा जाम झाला. पेटीचा भाता मारायचा तोच हात! डॉक्टरांनी सांगितलं, भाता बंद. बुवा चार दिवस पेटीकडे बघत बसले आणि पाचव्या दिवशी त्यांनी तिच्यावर चादर घातली. सुजाता फोनवर रडली. मी म्हटलं, रडतेस काय, भाता नसलेली पेटी मिळते हल्ली! आणि पनवेलला जाऊन मी एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घेऊन आलो. विजेवर चालणारा, चारशे प्रकारचे आवाज असलेला.

तो मी पेणहून रोह्याच्या गाडीत मांडीवर आडवा घेऊन निघालो. नागोठण्याला एक मावशी सुक्या मासळीची टोपली घेऊन चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. ऑर्गनच्या खोक्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"दादा, इस्त्रीचं टेबल हाय काय?"

"नाही मावशी, वाद्य आहे. सासऱ्यांसाठी."

"अगो बाय! तुमी सासऱ्याला देताव?" त्या इतक्या भारावल्या की उतरताना मला दोन बोंबील देऊन गेल्या. (खोक्याला तो वास अजून आहे.)

रोह्याला पोचल्यावर ऑर्गन ओटीवर मांडला. सासूबाईंनी हळद-कुंकू लावलं. बुवा समोर मांडी घालून बसले, बाजूला पखवाज घेऊन बाळामामा बसले. हे सासूबाईंचे धाकटे भाऊ, मंडळाचे पखवाजवाले, बोलायला कमी आणि बघायला जास्त. मी ऐटीत स्विच लावला आणि मोठं हिरवं बटण दाबलं.

ढिंच्याक ढिंच्याक ढिंच्याक! आतून पूर्ण बँड सुरू झाला! ड्रम, ट्रंपेट, सगळं.

"बंद करा, बंद करा!" सासूबाई ओरडल्या. "शेजारी बारावं हाय!"

मी घाईघाईने दुसरं बटण दाबलं, तर कुत्रा भुंकला. तिसरं दाबलं, हेलिकॉप्टर उडालं. चौथ्याला एक बाई इंग्रजीत हसली! शेजारून बाराव्याला बसलेली चार माणसं टोपी सावरत कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी शेवटी वायरच उपटली आणि त्यांना लांबूनच नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

दुपारभर आम्ही चारशे आवाज एकेक करून तपासले. खरी पेटी त्यात नव्हतीच. त्यातल्या त्यात जवळचा आवाज एकवीस नंबरचा निघाला. बुवांनी तो डोळे मिटून ऐकला. "पेटी नाय ही. पेटीची मुंबईची चुलतबहीण हाय," ते म्हणाले, पण बोटं काही त्यांनी पट्ट्यांवरून काढली नाहीत. मला फार बरं वाटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. मध्ये गाणं बंद राहिल्यामुळे असेल किंवा पंचाहत्तरी जवळ आल्यामुळे असेल, पण पहिल्याच तालमीत बुवांनी काळी चारमध्ये 'विठ्ठला' म्हणून वर झेप घेतली आणि आवाज फुटला. पुन्हा घेतली, पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलीच नाही.

बाळामामा हळूच म्हणाले, "भाओजी, जरा खालच्या पट्टीत घ्या की."

"खाली उतरायला मी काय झाडावर चढलोय?" बुवा कडाडले. मग ऑर्गनचा स्विच स्वतःच बंद करून शांतपणे म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर देवळासमोर सामना हाय, पेणच्या मंडळाशी. त्या दिवशी काळी चार लागली तर ठीक. नाय लागली तर हा ऑर्गन जावयांना परत. दामूबुवाचं भजन संपलं."

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर सासूबाई चुलीशी डोळे पुसत होत्या. "जावयबापू, कायतरी करा. मागं आठ दिवस घसा बसला होता तवा धड जेवले पन नाय. गानं थांबलं तर ह्यो मानूस मनानं खचंल." मग नाक ओढून म्हणाल्या, "आनी दिवसभर घरात बसून मला भाकरी कशी थापायची ते शिकवंल!"

आता सासूबाईंनी हात जोडल्यावर जावई गप्प बसेल का? मी ऑर्गनबरोबर आलेलं पुस्तक घेऊन पेणला गेलो आणि दुकानात रंगाच्या डब्यांमध्ये बसून ते वाचून काढलं. त्यात एकेचाळिसाव्या पानावर मला देव भेटला! ऑर्गनवर एक बटण असं होतं, की ते दाबलं की बोटं ठेवायची त्याच पट्टीवर, पण आवाज निघायचा खालचा. एकदा दाबलं की लगतची एक पट्टी खाली, काळी असो की पांढरी. तीनदा दाबलं की बुवांचं बोट काळी चारवर आणि आवाज मात्र पांढरी चारचा! तो त्यांच्या गळ्याला आरामात झेपला असता. सुजाताला मी म्हटलं, "बघ, दोन थेंब पिवळा!" तिने विचारलं, "बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, "त्यांचा कान काही माझ्याइतका नाही."

अडचणी दोनच होत्या. एक, ऑर्गन बंद केला की तो हे सगळं विसरायचा. चालू केल्यावर पुन्हा तीनदा दाबावं लागायचं. दुसरी, बटण दाबलं की वरच्या छोट्या काचेवर 'उणे तीन' असा आकडा उमटायचा आणि तिथेच राहायचा. आणि बुवांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना समोरच्या डोंगरावरची शेळीसुद्धा दिसते!

यावर मी जी युक्ती काढली, तिचा मला आजही अभिमान आहे. दुकानात गिऱ्हाइकाला फुकट द्यायला मी गणपतीचे स्टिकर छापून घेतो. त्यातला एक बरोबर त्या काचेवर चिकटवला. आता मला सांगा, पेण-रोह्याच्या कुठल्या घरात गणपतीचा स्टिकर कुणी उचकटून बघेल? शक्यच नाही. उलट येता-जाता हात जोडतील! बटण स्टिकरच्या अगदी शेजारी होतं. उजवा हात गणपतीला लावायचा, डोळे मिटायचे, 'मंगलमूर्ती मोरया' म्हणायचं आणि तेवढ्यात अंगठ्याने टक, टक, टक. बघणाऱ्याला वाटावं, काय भाविक माणूस आहे!

पुढच्या रविवारी मी असा नमस्कार केला आणि बुवा गायला बसले. बोट काळी चारवर. आवाज निघाला. बुवा क्षणभर थबकले, पखवाजही जरा वेगळाच बोलला. बाळामामांनी आधी ऑर्गनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळा मारला. त्यांनी निमूटपणे हातोडी घेतली आणि पखवाजाचे गठ्ठे ठोकून त्याला खाली उतरवला. "पखवाज उन्हानं चढलाय वाटतं," ते म्हणाले.

"व्हय, चढला असंल," बुवा म्हणाले आणि गाऊ लागले. 'विठ्ठला' आलं. बुवांनी झेप घेतली आणि आवाज असा सरळ वर गेला की ओटीवरचा झोपाळासुद्धा हलायचा थांबला! बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगो, लागली!" ते आत बघून ओरडले.

"ज्येष्ठमधाचा काढा लागू पडला!" सासूबाईंनी आतून सांगितलं. मी उदार मनाने श्रेय काढ्याला देऊन टाकलं.

पण मी फक्त रविवारचा. बुवा गाणार रोज. मग मी सासूबाईंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि नमस्कार शिकवला. "तीनदाच काय?" त्या म्हणाल्या. "पूजेत घंटी पन मी तीनदाच वाजवते. ध्यानात राहील." त्यांचा अंगठा तर माझ्यापेक्षा चपळ निघाला. आमचं ठरलं, मी असेन तेव्हा मी, नसेन तेव्हा त्या. तिसऱ्या माणसाला यातलं बटण माहीत नाही, अशा समजुतीत मी दीड महिना सुखात होतो. बुवा रोज गात होते, जेवत होते आणि सासूबाईंच्या भाकरीत लक्ष घालत नव्हते. त्या काळात घरच्या देवापेक्षा त्या ऑर्गनलाच जास्त नमस्कार झाले असतील.

सामन्याचा दिवस आला. देवळासमोर मांडव. एका बाजूला आम्ही, समोर पेणचं मंडळ. त्यांचे नितीनबुवा जेमतेम तिशीचे, हमरापूरच्या कारखानदाराचा मुलगा आणि माझं कायमचं गिऱ्हाईक. तेही काळी चारवाले! त्यांच्यापुढेही ऑर्गनच होता, आणि त्याच्यावर मारुतीचा स्टिकर होता. मी मनात म्हटलं, हल्लीची मुलं किती श्रद्धाळू आहेत!

साउंड होता मुश्ताकभाईंचा. हे सुजाताच्या वर्गातले, कुवेतला दहा वर्षं काढून रोह्याला परतलेले आणि राखीपौर्णिमेला न चुकता घरी येणारे. माणूस असा चोख, की त्यांच्या माईकवर डास बसला तरी शेवटच्या रांगेत ऐकू यावं! त्यांनी आल्या आल्या माझ्या माईकला माळ घातली. "भावजी, तुमचा माईक एकदम पेशल," ते म्हणाले. मी त्यांची पाठ थोपटली.

संध्याकाळी पाचला सगळे स्थानापन्न झाले. मी ऑर्गनला नमस्कार केला, टक टक टक. आणि तेवढ्यात दिवे लुकलुकले. "लाइट डाऊन येतंय, जनरेटरवर घेतो," मुश्ताकभाई ओरडले. सगळं बंद झालं आणि मिनिटभराने पुन्हा सुरू झालं. मी चाणाक्ष! माझ्या लगेच लक्षात आलं, ऑर्गन विसरला असणार. पुढे होऊन मी पुन्हा नमस्कार केला, टक टक टक, आणि मागे माझ्या आसनावर जाऊन बसलो. तिथे गावकऱ्यांनी मला शाल-नारळ दिला. जावयाचा मान!

शाल सावरता सावरता मी पुढे बघितलं. सासूबाई कुंकवाची कोयरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऑर्गनला कुंकू लावलं आणि गणपतीला हात लावून डोळे मिटले. मला बरं वाटलं. मग बाळामामांनी पखवाज मांडीवर घेण्याआधी गणपतीला नमस्कार केला. चांगली पद्धत आहे, मी म्हटलं. सगळ्यात शेवटी बुवांनी माळ नीट केली आणि अगदी भक्तिभावाने गणपतीवर हात ठेवून 'मंगलमूर्ती मोरया' म्हटलं. मी तर शालीच्या टोकाने डोळे टिपले. एवढी भक्ती मी माझ्या दुकानातल्या एका स्टिकरमुळे या घरात आणली होती!

बुवांनी काळी चारवर बोट ठेवलं.

"भ्यांऽऽऽऽऽ!"

ऑर्गनमधून असा काही खोल, घोगरा आवाज निघाला की गाभण म्हैस गोठ्यात उठून बसावी! मुश्ताकभाईंच्या साउंडमुळे तो कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावातही गेला असणार. पुढच्या रांगेतली पोरं खिदळायला लागली. बुवांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. "भ्यांऽऽऽऽऽ!"

बुवा आता गाऊ शकले नाहीत तर संपलंच सगळं, भजनही आणि माणूसही! मी टाळ गळ्यातच ठेवून चौघांच्या मांड्यांवरून रांगत पुढे निघालो, खण खण खण खण! "काही नाही, काही नाही, जरा आवाज बघतो," मी म्हणत होतो. बायकांच्या बाजूने सासूबाई तीन बोटं दाखवून मान हलवत होत्या. बाळामामांनी पखवाजाखालून हात काढून ऑर्गनकडे लांबवला. माझा हात, मामांचा हात, दोन्ही स्टिकरपाशी एकदमच पोचले.

बुवांनी दोन्ही मनगटं धरली. "थांबा," ते म्हणाले.

मग त्यांनी गणपतीचा स्टिकर नखाने हळूच सोडवला, डोळ्यांना लावला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवला. खालची काच लकाकत होती. उणे बारा!

"बारा," बुवा म्हणाले. समोर माईक होता, मुश्ताकभाईंचा. अख्ख्या मांडवाने ऐकलं. "जावयबापू, ह्यातले तीन तुमचे. बरोबर?"

"हो," मी म्हटलं. चारशे माणसांसमोर, रांगत्या अवस्थेत, गळ्यात टाळ.

"तीन हिचे."

"मला काय म्हाईत!" सासूबाई तिकडून ओरडल्या. "मला वाटलं, जावयबापू मानपानात इसरले!"

"बाळ्या?"

बाळामामा पखवाजाकडे बघत म्हणाले, "अक्का बाजारात गेली की माझ्याकडंच असायचं ते काम. आज ती कुंकवाच्या नादात इसरली वाटलं."

"म्हंजे नऊ," बुवा बोटं मोजत म्हणाले.

मागून कुणीतरी विचारलं, "बुवा, मंग उरलेले तीन कुनाचे वो?"

बुवांनी माईक जवळ ओढला. "माझे!"

मांडव जो काही हसला! नितीनबुवा मांडीवर थापा मारत होते, पंच शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होते. मी तसाच रांगता.

"पन्नास वर्सं पेटी वाजवली मी," बुवा म्हणाले. "पट्टी उतरवल्याचं मला कळनार नाय? पयल्याच रविवारी कळलं. बरं, तुमी नसताव तवा ही कधी इसरायची, मंग माझं मीच दाबायचो. आज पन तेच केलं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी डोळ्यांत पानी आलं ते आवाज लागला म्हनून नाय, जावयबापू. माझ्या गान्यासाठी तुमी गनपतीला कामाला लावलात, म्हनून आलं. लेक चांगल्या घरात दिली मी."

मी टाळाची दोरी चावत बसलो. सुजाता बायकांत बसून उघड उघड रडत होती आणि हसतही होती.

सासूबाईंना मात्र वेगळीच काळजी. "ते ऱ्हाऊ द्या! काळी चार लागली नाय, म्हंजे आता आर्गन परत द्यायचा काय?"

"लागली नाय असं कोन म्हनतो?" बुवा म्हणाले. "सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून सूर किती? बारा. बारा खाली उतरलं की परत तीच पट्टी येते, एक मजला खाली. आपन चौघं मिळून खाली उतरायला गेलो आनी परत काळी चारवरच येऊन बसलो! काळी चार लागली. मला नाय, आर्गनला लागली. शब्द पुरा झाला."

त्यांनी ऑर्गनचा आकडा शून्यावर आणला. मग बोट काळी चारवरून उचललं, सगळ्यांना दिसेल असं हवेत धरलं आणि पांढरी चारवर ठेवलं. "मंडळी, दामूबुवाची पट्टी आजपासून पांढरी चार. लपवाछपवी नाय."

बाळामामांचा पखवाज तिथेच लावलेला होता, त्यामुळे थांबायचं कारणच नव्हतं. बुवा गायले. 'विठ्ठला' आलं, आवाज वर गेला, वरच थांबला, तिथे त्यांनी त्याला दोनतीन वेळा खेळवला आणि अलगद खाली आणला. मी रडलो, सरळ सांगतो. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतकं सुंदर गाताना ऐकलं नव्हतं.

अभंग संपल्यावर नितीनबुवा उठून पाया पडायला आले. परत आपल्या जागेवर गेले आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी आपल्या ऑर्गनवरच्या मारुतीवर हळूच टॉवेल टाकला. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन!

"नितीनबुवा," आमच्या बुवांनी इकडून विचारलं, "मारुतीरायाखाली किती?"

नितीनबुवा लाल झाले. "उणे दोन, बुवा."

पुन्हा हसणं! पंचांनी हात टेकले आणि दोन्ही मंडळांना एकेक नारळ देऊन सामना बरोबरीत सोडवला. पण उठायचं कुणाच्याच मनात नव्हतं. बुवा म्हणाले, "आता सगळे मिळून एक अभंग होऊ द्या." मला तर स्फुरण चढलं. मी माझ्या आसनावर ताठ बसलो, शाल मागे टाकली आणि माझ्या माळ घातलेल्या माईकमध्ये मोठ्याने म्हटलं, "बुवा, तुम्ही सुरू करा, वरचा सूर मी देतो!"

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मी माईकवर टिचकी मारली. आवाज नाही. फुंकर मारली. आवाज नाही.

"मुश्ताकभाई!" मी ओरडलो. "माझा माईक बंद पडलाय!"

मुश्ताकभाईंनी बुवांकडे बघितलं. बुवांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी सुजाताकडे बघितलं. सुजाताला अचानक आपल्या पदराच्या काठात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"भावजी," मुश्ताकभाई जवळ येऊन म्हणाले, "आज सगळीच खरं बोलतायत, म्हणून बोलतो. रागावू नका." आणि त्यांनी सतरंजीखालून माझ्या माईकची वायर बाहेर ओढली. चांगली लांबलचक वायर होती. तिचं दुसरं टोक मांडवाच्या खांबाला नीट गाठ मारून बांधलेलं होतं.

"आजच?" मी विचारलं.

"मी कुवेतहून आल्यापासून तरी अशीच."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मंडळाकडं चालू माईक एकच होता, भावजी. तुमचा तो नादुरुस्त होता."

अठरा वर्षं! मी बुवांकडे बघितलं. काळी चारवरून खाली उतरताना जो माणूस डगमगला नाही, तो आता टोपी काढून डोकं खाजवत होता. "जावयाला कसं सांगायचं वो?" ते पुटपुटले. "मान असतो."

मुश्ताकभाईंना माझी दया आली असावी. वायरचं टोक हातात घेऊन त्यांनी सगळ्यांना विचारलं, "मग, आज लावू काय?"

"नकोऽऽऽ!" आमचं मंडळ, पेणचं मंडळ, पंच, बायका, पोरं, सगळी एकदम!

आणि एक सांगतो, ते 'नको' इतकं एकजीव होतं, की कुणाचाही आवाज वर नाही की खाली नाही. बरोबर पांढरी चार. कान आहे मला.

(सुजाता म्हणते, काळी चार होती.)